गुलाबी रंगाचा माग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खोबऱ्याची वाटी पावसाळ्यात डब्यात राहून गेली, की एक दिवस आमटीच्या वाटणाला खवट वास येतो. शेंगदाण्याच्या कुटाचं, जवसाच्या चटणीचंही तेच. स्वयंपाक करणाऱ्याला हा वास लांबूनच कळतो. प्रयोगशाळेत तो रंगावरून कळतो. खवट पदार्थात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून नळी तापवली, की गुलाबी रंग उतरतो. जितका खवटपणा जास्त, तितका तो गडद. मी बत्तीस वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. हा प्रयोग किती तुकड्यांकडून करून घेतला, त्याला गणती नाही. आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे त्यात हीच नळी आहे आणि हाच रंग आहे. फक्त नळीत तेल नाही, स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाचं रक्त आहे.

हा विषय मी ग्रंथालयातून उचललेला नाही, तो घरातून आला. माझा थोरला भाऊ अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना, १९६९ साली आजारी पडला. शेजारच्या खोलीत कोणी नसताना त्याला तिथलं बोलणं ऐकू यायचं. मेसचा आचारी आपल्या ताटात काहीतरी कालवतो, असं वाटून त्याने जेवण टाकलं होतं. वडिलांनी आधी देवऋषी केले, मग एका मनोरुग्णालयात नेलं. मी तेव्हा सोळा वर्षांची. पुढे कितीतरी वर्षांनी, एका दाखल्यासाठी दादाचे जुने कागद चाळताना मला पहिल्या दिवसाची नोंद सापडली. नाव, वय, वजन, आणि खाली दोन शब्द : ‘इनसाइट निल’. म्हणजे आपल्याला काही झालंय याची रुग्णाला जाणीव नाही. दादाचं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन शब्दांखाली गेलं. तो काही म्हणाला, की ‘त्याला कुठे काय कळतंय’ हे उत्तर घरात तयार असायचं. माझ्याही तोंडी तेच असायचं.

हा आजार म्हणजे एका शरीरात दोन माणसं, असा समज अजूनही आहे. तो चूक आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी १९०८ साली बर्लिनच्या एका सभेत ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द पहिल्यांदा वापरला, तेव्हा त्यांना विचार, भावना आणि इच्छा यांची आपसातली सांधेजोड उसवणं अभिप्रेत होतं. मराठीत आपण छिन्नमनस्कता म्हणतो. हजारात साधारण सात माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार गाठतो. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असं एक तरी घर असणार. ते तुम्हाला तसं सांगत नसतील, एवढंच.

अशा माणसाच्या रक्तात काय वेगळं असतं, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. पण त्याची खरी धांदल सुरू झाली ती १९५२ साली. त्या वर्षी हंफ्री ऑस्मंड आणि जॉन स्मिथीज या दोन तरुण ब्रिटिश डॉक्टरांनी एक लेख लिहिला. मेस्कलिन नावाचं द्रव्य निवडुंगाच्या एका जातीत असतं, ते घेतलं की धडधाकट माणसालाही नसलेलं दिसू लागतं. त्याच्या रेणूची ठेवण आपल्या शरीरातल्या ॲड्रेनॅलिनसारखी आहे. मग शरीरच बिघडून स्वतःसाठी असं एखादं विष तयार करत असेल का? ऑस्मंड तोवर कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, वेबर्न इथल्या मोठ्या मनोरुग्णालयात रुजू झाले होते. तिथे त्यांना एब्रम हॉफर हे जोडीदार मिळाले. त्यांचं लक्ष गेलं ते एका साध्या गोष्टीकडे. ॲड्रेनॅलिनचं औषध हवेत राहिलं की गुलाबी पडतं. दम्याचे काही रोगी असं जुनं, रंग बदललेलं औषध हुंगल्यावर विचित्र अनुभव सांगत. गुलाबी पडणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होणं. त्यातून जे द्रव्य बनतं त्याचं नाव ॲड्रेनोक्रोम. ऑस्मंड यांनी ते स्वतःला टोचून घेतलं आणि जे अनुभवलं ते लिहून ठेवलं. १९५४ साली त्यांनी सिद्धान्त मांडला : स्किझोफ्रेनियात शरीरातलं ॲड्रेनॅलिन वाजवीपेक्षा जास्त गंजतं.

ही कल्पना किती मोहक होती बघा. एका रंगावर सगळ्या वेडाची उकल! अमेरिकेत बेथेस्डा इथल्या सरकारी संस्थेत सेमूर केटी यांनी एका चर्चेत ही कल्पना सांगितली. श्रोत्यांत ज्युलियस ॲक्सेलरॉड नावाचे रसायनज्ञ होते. शरीरात ॲड्रेनॅलिनचं पुढे काय होतं हे कुणालाच धड माहीत नाही, याचं त्यांना नवल वाटलं. ॲड्रेनॅलिनचं ॲड्रेनोक्रोम करणारं विकर त्यांनी काही महिने शोधलं. सापडलं नाही. रुग्णांच्या रक्तातही ॲड्रेनोक्रोम मिळेना. पण त्या शोधातून ॲड्रेनॅलिनची खरी विल्हेवाट लावणारं दुसरंच विकर त्यांच्या हाती लागलं, आणि चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात याचं मोठं दालन उघडलं. १९७० चं नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर मिळालं. चुकीच्या पत्त्यावर निघालेला माणूस भलत्याच चांगल्या घरी पोचतो, तसं हे झालं.

हॉफर मात्र आपल्या पत्त्यावरच ठाम राहिले. गंज थांबवायचा तर व्हिटॅमिन सी आणि नायासिन यांचे मोठमोठे डोस द्यायचे, अशी त्यांची पद्धत. १९६८ साली लायनस पॉलिंग यांच्यासारख्या नोबेलविजेत्याने या विचाराला नाव आणि वजन दिलं. मी १९७४ साली एम.एस्सी. करत होते. ग्रंथालयात हे हाती लागलं आणि मी हरखून गेले. आम्ही दादाला वर्षभर आवळे, लिंबं आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या खाऊ घातल्या. आई पहाटे उठून आवळ्याचा रस काढायची. मोठ्या डोसांनी त्याचं पोट बिघडायचं, तरी मी ऐकत नव्हते. तो मात्र एकदा शांतपणे म्हणाला, “तुला बरं वाटावं म्हणून मी घेतो.” ‘इनसाइट निल’ असलेल्या माणसाचं हे वाक्य. मी तेव्हा ते ऐकलंसुद्धा नाही. ज्या १९७३ सालच्या अहवालात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ही उपचारपद्धती निराधार ठरवली होती, तो मला आणखी दोन वर्षांनी वाचायला मिळाला.

याच काळातली दुसरी एक हकिगत मला जास्त महत्त्वाची वाटते. १९५७ साली स्टिग ओकरफेल्ट या स्वीडिश संशोधकाने एक सोपी चाचणी जाहीर केली. रक्तद्रवात एक विशिष्ट रसायन घालायचं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचं रक्त असेल तर लाल रंग झपाट्याने चढतो, निरोगी माणसाचं असेल तर सावकाश. वर्तमानपत्रांनी वेडाची रक्तचाचणी सापडल्याचा गाजावाजा केला. मग इतरांनी खोलात जाऊन पाहिलं. रंग चढवण्याचं काम रक्तातलं तांबंयुक्त प्रथिन करत होतं, आणि त्याला अडवण्याचं काम व्हिटॅमिन सी. चिरलेल्या सफरचंदावर लिंबू पिळलं की ते काळं पडत नाही, तेच तत्त्व. वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात राहिलेल्या रुग्णांच्या जेवणात ताजी फळं, भाजी नसायची. त्यांच्या रक्तात व्हिटॅमिन सी नव्हतं म्हणून रंग लवकर चढत होता. ते जेवणातून दिलं की चाचणी बदलायची! चाचणी आजार मोजत नव्हती; ती भटारखाना मोजत होती.

केटी यांनी १९५९ च्या जूनमध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या दोन अंकांत अशा सगळ्या दाव्यांची झाडाझडती घेतली. रुग्णांच्या लघवीत सापडलेली काही वेगळी द्रव्यं कॉफीची निघाली होती. वॉर्डात दिवसभर दुसरा विरंगुळा नसल्याने रुग्ण कॉफी ढोसत. तरी १९६२ साली न्यूयॉर्कच्या दोन संशोधकांनी रुग्णांच्या लघवीच्या नमुन्यात कागदावर उमटणारा एक गुलाबी ठिपका दाखवला, आणि पुन्हा काही वर्षं सगळे त्या ठिपक्यामागे लागले. तोही शेवटी खाण्यापिण्याच्या आणि औषधांच्या घोळात विरून गेला.

केटी यांचा लेख वाचला त्या रात्री मला दादाची ॲल्युमिनियमची थाळी आठवली. भेटीच्या दिवशी आम्ही पाहिलेली. पातळ वरण, जाड भात, कधी दुधी. चार महिन्यांत त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं, आणि ते आजाराचंच लक्षण असेल, असं आम्हाला तिथे सांगण्यात आलं होतं.

आता पुन्हा १९५२ कडे येऊ, कारण त्या एका सालात आणखी दोन गोष्टी घडल्या. पॅरिसमध्ये दले आणि देनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं, आणि पहिल्यांदाच आवाज, संशय कमी होऊ लागले. दादाला मिळालं ते हेच. त्याने त्याचं किंचाळणं थांबलं, हे मी कधी विसरणार नाही. आणि अमेरिकेत एरन बेक या एकतीस वर्षांच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत छापली. हा माजी सैनिक. आपल्यावर पाळत ठेवली जातेय, ही त्याची खात्री. बेक त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत, की त्याचं म्हणणं उडवूनही लावलं नाही. ज्यांच्यावर संशय होता त्या एकेका माणसाच्या वागण्याची ते त्याच्याबरोबर छाननी करत गेले, आणि संशयितांची यादी आखडत गेली. म्हणजे या माणसाला स्वतःच्या विचाराकडे वळून बघता येत होतं. कोणीतरी शेजारी बसून तसं बघायला लावलं पाहिजे, एवढंच.

पण हा धागा तिथेच राहिला. ‘इनसाइट’ या शब्दाची वैद्यकातली वाटचाल दुसरीकडेच गेली. लंडनच्या ऑब्री लुइस यांनी १९३४ सालीच बजावलं होतं, की ही काही आहे किंवा नाही अशी चीज नव्हे. स्वतःत झालेल्या बदलाकडे आजारी माणूस बघतो ते त्याच बदललेल्या मनाने, मग ते बघणं सरळ कसं असेल? तरी फॉर्मवर चौकट राहिली आणि चौकटीत फुली. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत बाराशेवर रुग्णांचा अभ्यास केला. आपलं आग्रा त्यातलं एक केंद्र होतं. १९७३ च्या अहवालात सर्वाधिक आढळलेलं लक्षण होतं आजाराची जाणीव नसणं : ९७ टक्के. आवाज ऐकू येण्याहूनही जास्त! गंमत अशी, की दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा आग्र्याचे रुग्ण लंडन-वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा बरे सावरलेले निघाले. त्या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला. पण जाणिवेच्या चौकटीतली फुली माणसाच्या पुढच्या आयुष्याबद्दल सगळं सांगत नाही, एवढं तरी त्यातून दिसलं.

१९९० साली अँथनी डेव्हिड यांनी या जाणिवेचे तीन पदर वेगळे केले. आपण आजारी आहोत हे मानणं, उपचार स्वीकारणं, आणि आपल्याला येणारा अनुभव चमत्कारिक आहे हे ओळखणं. यातला एक असून दुसरा नसणं सहज शक्य. दादा गोळी रोज न चुकता घ्यायचा, पण आवाज खरेच आहेत म्हणायचा. मग त्याच्या कागदावर काय लिहायचं?

आणि २००४ साली, ऐंशी ओलांडलेल्या बेक यांनी आपला जुना धागा पुन्हा उचलला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा विधानांची एक प्रश्नावली केली. तिच्यात ‘तुम्ही आजारी आहात का’ हा प्रश्नच नाही. नऊ विधानं आत्मपरीक्षणाची : आपला समज चुकीचा असू शकतो, घाईत निष्कर्ष काढला गेला असेल, दुसऱ्याचं म्हणणं बरोबर असू शकेल, असं माणसाला वाटतं का? उरलेली सहा स्वतःबद्दलच्या खात्रीची : मला जे वाटतं तेच खरं. पहिल्यातून दुसरं वजा करायचं. भ्रम असलेल्या रुग्णांत परीक्षण कमी आणि खात्री जास्त, असं चित्र दिसलं. बेक १ नोव्हेंबर २०२१ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. मला त्यांच्या या पंधरा ओळी मोठ्या वाटतात, कारण मनोरुग्णाला लावायची ही फूटपट्टी कोणत्याही माणसाला लावता येते.

आता आपला गुलाबी रंग या प्रश्नावलीपर्यंत कसा येतो, ते सांगते.

हॉफर यांचं द्रव्य चुकलं होतं, पण शरीर आतून गंजतं ही गोष्ट खोटी नव्हती. आपण श्वास घेतो त्या ऑक्सिजनचा थोडासा भाग पेशीत वीज तयार होताना अर्धवट जळतो, आणि त्यातून तापट, कोणालाही चावणारे रेणू बाहेर पडतात. त्यांना विझवणारी यंत्रणा पेशीत असते. १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी असं एक विकर ओळखलं, तेव्हा शरीराला या आगीचा रोजचा बंदोबस्त करावा लागतो हे पक्कं झालं. चावणाऱ्यांची संख्या विझवणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेली, की त्या स्थितीला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणायचं, अशी व्याख्या जर्मनीतल्या हेल्मुट झीस यांनी १९८५ साली केली. मेंदूला याचा धोका जास्त. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला हा अवयव पाचव्या हिश्शाचा ऑक्सिजन खातो, आणि तो बनला आहे लवकर खवट होणाऱ्या स्निग्ध पदार्थांचा. आमचं खोबरंच म्हणा ना.

स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात हा विचार नव्या शिस्तीने मांडणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे काम करणारे साहेबराव महाडिक. त्यांनी आणि सुकदेव मुखर्जी यांनी १९९६ साली उपलब्ध पुरावा एकत्र मांडला. पुढे महाडिकांनी पुण्यातले जीवरसायनशास्त्रज्ञ प्रभाकर रांजेकर आणि महाराष्ट्रातल्या मनोविकारतज्ज्ञांबरोबर काम केलं. २००३ मध्ये त्यांचे निबंध एकापाठोपाठ आले. त्यांनी औषध एकदाही न घेतलेले रुग्णसुद्धा तपासले, ही त्यातली कळीची बाब. औषधाने रक्त बदललं असेल ही शंका त्यामुळे दूर होते. आणि, हे माझं स्वतःचं मत, आपल्याकडे बहुतेक रुग्ण घरीच राहतात, भावंडं खातात तेच खातात. केटी यांच्या भटारखान्याच्या आक्षेपाला त्यातून थोडं तरी उत्तर मिळतं. तरीही रुग्णांच्या रक्तपेशींच्या आवरणातले नाजूक स्निग्ध घटक कमी भरले आणि खवटपणाची खूण जास्त. ती खूण मोजली गेली थायोबार्बिट्युरिक आम्लानेच. माझ्या विद्यार्थ्यांच्या नळीतला तो गुलाबी रंग.

याच गटाने तेहेतीस रुग्णांना चार महिने माशांच्या तेलातली मेदाम्लं आणि व्हिटॅमिन ई, सी दिलं. लक्षणं कमी झाल्याचं नोंदलं. मात्र तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गट त्यात नव्हता. आवळ्याच्या रसाचं ते वर्ष आठवून मी हा निबंध दोनदा वाचला आणि मिटून ठेवला.

त्याआधी, २००० साली, स्वित्झर्लंडमधल्या किम दो आणि मिशेल क्युनो यांच्या गटाने मेंदूतच डोकावून पाहिलं होतं. पेशीतला आग विझवणारा मुख्य रेणू म्हणजे ग्लुटाथायोन. औषध चालू नसलेल्या रुग्णांच्या मेंदू-मज्जाजलात तो २७ टक्क्यांनी कमी निघाला, आणि चुंबकीय यंत्राने कवटी न उघडता मोजला, तेव्हा मेंदूच्या पुढच्या मधल्या भागात ५२ टक्क्यांनी कमी. इतरांच्या पुढच्या मोजण्यांत ही तूट इतकी मोठी राहिली नाही, फार थोडी उरली. पण ती जागा लक्षात ठेवा. कपाळाच्या मागे, दोन अर्धगोल जिथे एकमेकांना लागून असतात तिथे.

कारण दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, अमेरिकेत एक वेगळाच प्रयोग झाला. यंत्रात झोपवलेल्या लोकांना एकेक विशेषण दाखवायचं आणि विचारायचं, हे तुम्हाला लागू पडतं का? मग, हे राष्ट्राध्यक्ष बुश यांना लागू पडतं का? दोन्हींची तुलना केली. स्वतःचा विचार करताना वेगळा उठून दिसला तो हाच मधला भाग. बुश यांच्यासाठी तो तितकासा हलला नाही, याचं मला नवल वाटत नाही.

रक्तातला गंज शोधणारे आणि आत्मपरीक्षण मोजणारे, पन्नास वर्षं एकमेकांना न ओळखणारे हे दोन रस्ते मेंदूच्या एकाच गल्लीत येऊन मिळाले. अलीकडे एकाच रुग्णाचं रक्त तपासायचं आणि त्याच्याकडून बेक यांची प्रश्नावलीही भरून घ्यायची, असे अभ्यास होऊ लागले आहेत. रोगी स्वतःकडे वळून पाहू शकत नाही तो हट्टामुळे नाही, पेशींची भट्टी बिघडल्यामुळे, असं कोणी सिद्ध केलं, तर कितीतरी घरांतली भांडणं मिटतील. माझीही तीच इच्छा आहे, आणि म्हणूनच मी स्वतःला आवरते. दोन आकडे एकत्र वरखाली होणं वेगळं, आणि एकाने दुसऱ्याला ओढणं वेगळं. ज्याला स्वतःकडे लक्ष देता येत नाही तो नीट जेवत नाही, झोपत नाही, बिडीवर बिडी ओढतो. दादा दिवसाला दोन कट्टे ओढायचा. त्याचं रक्त गंजलेलं निघालं असतं, तर तो गंज आजाराचा की बिडीचा? हा केटी यांचाच प्रश्न आहे आणि तो प्रत्येक नव्या निबंधाला विचारावा लागतो.

कारण ओढून बघायचं, तर गंज कमी करून आत्मपरीक्षण वाढतं का ते पाहावं लागेल. ऑस्ट्रेलियात मायकेल बर्क यांच्या गटाने १४० रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर चोवीस आठवडे एन-ॲसिटिलसिस्टीन दिलं, निम्म्यांना खोटी गोळी. छातीतला कफ पातळ करायला आणि पॅरासिटामॉलची विषबाधा उतरवायला वापरतात तेच हे औषध. शरीर त्यापासून ग्लुटाथायोन बनवतं. २००८ साली निष्कर्ष आले : मलूलपणा, अलिप्तपणा थोडा कमी झाला. जास्त वाचनीय आहे त्यांचा नंतरचा, २०११ चा निबंध. डॉक्टरांनी रुग्णांबद्दल जे शब्दांत टिपून ठेवलं होतं, त्याची छाननी केल्यावर खरं औषध घेणाऱ्यांत स्वतःची काळजी घेणं, लोकांत मिसळणं आणि आजाराची जाण यांत सुधारणा दिसली. आकड्यांच्या चौकटीत न मावलेलं टिपणांत सापडलं. पण लोझानमध्ये २०१८ साली नव्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत मेंदूतलं ग्लुटाथायोन वाढलं, विचारांचा वेग थोडा सुधारला, आणि तो मलूलपणा मात्र जागचा हलला नाही. तेव्हा कोणी हे ऐकून औषधाच्या दुकानात धाव घेऊ नये, आणि चालू गोळ्या तर मुळीच थांबवू नयेत. एका बहिणीने भावाला वर्षभर आवळे पाजले, तेवढं पुरे.

आणखी एक गोष्ट आहे, जी घरच्यांना कोणी आधी सांगत नाही. ज्यांची जाण वाढते, त्यांच्यात उदासीही वाढलेली दिसते. हे अनेक अभ्यासांत आलं आहे. दादाच्या बाबतीत ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. २००० नंतर नव्या औषधांनी त्याचे आवाज पुष्कळच ओसरले, आणि एका संध्याकाळी त्याने बोटं मोजून वर्षं सांगितली, एकतीस. आपली एकतीस वर्षं कुठे गेली ते त्याला कळलं होतं. त्या महिन्यात मी त्याला एकटं सोडलं नाही. ‘इनसाइट’ यावी म्हणून आपण धडपडतो, ती आल्यावर शेजारी कोण बसणार, हे आधी ठरवलेलं बरं.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली होती. त्यांच्याच पुढाकाराने झालेला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला. मी दादाला घेऊन गेले. मध्यंतरात तो बाहेर बिडी ओढायला गेला आणि परत येऊन बसला, तेव्हाच मला हायसं वाटलं.

बेक यांची प्रश्नावली मी त्याला २००६ साली दाखवली. डॉक्टरी हेतूने नाही, माझं कुतूहल. एकेक विधान मराठीत सांगत गेले, तो बोटांनी शून्य ते तीन गुण दाखवत गेला. फार वेळ लावला त्याने. एका विधानावर तर चहा होईपर्यंत थांबला. माझं समजण्यात चूक होत असेल का, असा त्याचा आशय होता. शेवटी मला म्हणाला, “आता तू भर.”

मी झटपट भरली. बेरीज-वजाबाकी त्यानेच केली, अभियांत्रिकीचा विद्यार्थी तो. खात्रीच्या सहा ओळींत माझे गुण त्याच्यापेक्षा चार जास्त होते. त्याने कागद माझ्याकडे सरकवला, आणि खिशातून कट्टा काढून गॅलरीत गेला.